ठाऊक नव्हतं, म्हणून मालक

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हा मालमत्तेच्या कायद्याचाही पहिला नियम आहे. जे विकणाऱ्याचं नाही, ते घेणाऱ्याचं होत नाही. चोरीची सायकल दहा हात फिरून आली तरी ती मूळ मालकाचीच. रोमन कायदेपंडितांनी हे सूत्र मांडलं, आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही ते आहे, आणि शाळकरी मुलालाही ते चटकन पटतं.

पण त्याच कायद्यात, आणि जगातल्या बहुतेक दिवाणी कायद्यांत, काही जागा अशा आहेत की तिथे कोरड्या आडातून पोहरा भरून वर येतो. विकणाऱ्याकडे मालकी नव्हती, तरी घेणाऱ्याकडे ती येते. त्यासाठी जे लागतं ते कुठल्या दस्तात सापडत नाही. व्यवहारात काहीतरी खोट होती आणि ती घेणाऱ्याला ठाऊक नव्हती, एवढंच ते असतं. दोन माणसं एकाच दुकानातून, एकाच किमतीला, सारखीच वस्तू घेतात. एक मालक होतो, दुसरा होत नाही. दोघांत फरक आहे तो फक्त कवटीच्या आत. कायदा एरवी सही, साक्षीदार, शिक्का आणि तारीख यांच्यावर चालतो. त्याने माणसाच्या मनात डोकावावं आणि तिथे एक गोष्ट *नाही* हे पाहून मालकी ठरवावी, याचं मला आजही नवल वाटतं.

११ डिसेंबर १७५६ च्या रात्री इंग्लंडमध्ये टपालाची गाडी लुटली गेली. लुटीत बँक ऑफ इंग्लंडची एक नोट होती, २१ पौंड १० शिलिंगांची. विल्यम फिनी नावाच्या माणसाने ती टपालाने पाठवली होती. दुसऱ्याच दिवशी ती मिलर नावाच्या सराईवाल्याच्या हाती आली. त्याने तिचा पुरेपूर मोबदला दिला होता आणि दरोड्याची त्याला काहीही कल्पना नव्हती. तोवर फिनीने बँकेला कळवून पैसे अडवले होते. मिलर नोट वटवायला गेला, तेव्हा रेस नावाच्या कारकुनाने पैसे दिले नाहीत आणि नोटही परत केली नाही. मिलरने दावा लावला. १७५८ साली न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मिलरच्या बाजूने निकाल दिला. नोट ही नाण्यासारखी हातोहात फिरते, धंद्याच्या ओघात प्रामाणिकपणे जो ती घेतो तो तिचा मालक, असं त्यांनी ठरवलं. फिनीची काहीही चूक नव्हती. मिलरचीही नव्हती. चूक करणारा दरोडेखोर पसार झाला होता आणि दोन निर्दोष माणसांपैकी एकाला तोटा सोसावाच लागणार होता. आपल्या खिशातली प्रत्येक नोट आज याच विचारावर चालते. भाजीवाल्याने सुटे परत दिले की ते त्याच्याकडे कुठून आले हे आपण विचारत नाही, आणि कायदाही आपल्याकडून तशी अपेक्षा ठेवत नाही.

या तत्त्वाला कायद्यात सद्भाव म्हणतात. त्याचे दोन चेहरे आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. एक सद्भाव वागण्याचा: करार करणाऱ्यांनी एकमेकांशी सरळपणे वागावं, माहिती दडवू नये, अडवणूक करू नये. तो बाहेरून मोजता येतो, म्हणून त्याला वस्तुनिष्ठ म्हणतात. दुसरा सद्भाव मनाच्या स्थितीचा: मी दुसऱ्याचा हक्क मारतो आहे हे मला ठाऊकच नाही. हा व्यक्तिनिष्ठ. ब्राझीलच्या २००२ च्या नागरी संहितेत दोघांनाही जागा आहे. करारांच्या भागात पहिला येतो, आणि ताब्याच्या भागात दुसरा: दोष किंवा अडथळा ज्याला माहीत नाही, त्याचा ताबा सद्भावाचा. मला या लेखात दुसऱ्याबद्दलच बोलायचं आहे.

त्याचं मूळ रोममध्ये आहे. बारा फलकांच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यात, जमीन दोन वर्षं आणि इतर वस्तू एक वर्ष ताब्यात राहिली की मालकी मिळे. पुढे त्याला अट जोडली गेली: ताबा घेताना माणूस सद्भावात असला पाहिजे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने मुदती वाढवल्या. जंगम वस्तूंना तीन वर्षं, जमिनीला दहा किंवा वीस. आणि इथे एक प्रश्न उभा राहिला, ज्याने पुढची अनेक शतकं माणसांना झोप लागू दिली नाही.

समजा, मी एक शेत विकत घेतलं. विकणारा खरा मालक नव्हता, पण ते मला ठाऊक नव्हतं. मुदत दहा वर्षांची. पाचव्या वर्षी एक म्हातारा गावकरी येतो आणि सगळी हकिकत सांगतो. आता मला कळलं. मग उरलेली पाच वर्षं मोजायची की नाहीत?

रोमन उत्तर असं: मोजायची. सुरुवातीला मन स्वच्छ होतं ना, पुरे. मागाहून कळल्याने बिघडत नाही. चर्चला हे अजिबात पटलं नाही. पोप तिसरा इनोसंट याने १२१५ साली बोलावलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने स्पष्ट नियम केला की मुदतीच्या एकाही क्षणी दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असल्याची जाणीव असता कामा नये. कळलं त्या दिवशी मुदत तुटली. चर्चला आत्म्याची काळजी होती, रोमन न्यायाधीशाला शेताच्या बांधाची. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने रोमची बाजू घेतली: वस्तू मिळाली त्या क्षणी सद्भाव असला की झालं. इटलीच्या १९४२ च्या संहितेतही तेच.

पण फ्रेंच संहितेची खरी गंमत पुढे आहे. शेताचं पीक, घराचं भाडं, झाडाची फळं यांना ती वेगळा नियम लावते. सद्भावात असेपर्यंतचं उत्पन्न ताबेदाराचं, ते परत द्यावं लागत नाही. पण दोष कळला त्या क्षणापासूनचं उत्पन्न खऱ्या मालकाचं. म्हणजे वरच्या उदाहरणात म्हातारा गावकरी बोलून गेला त्या संध्याकाळी एकाच माणसाचे कायद्याने दोन भाग होतात. जमीन मिळवण्याच्या हिशेबात तो अजून सद्भावी, आंब्यांच्या हिशेबात नाही. मला हा विरोधाभास वाटत नाही. जमिनीच्या बाबतीत कायदा स्थैर्य शोधतो. फळांच्या बाबतीत त्याचा प्रश्न असा असतो, की या माणसाने ज्या आशेवर नांगर धरला ती आशा खरी होती का?

ही दुसरी, हळवी बाजू आपल्याकडेही आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५१ पाहा. जमीन आपल्याच पूर्ण मालकीची आहे असं सद्भावाने मानून एखाद्याने तीत सुधारणा केली, विहीर खणली, घर बांधलं, आणि मग वरचढ हक्काचा मालक उभा राहिला, तर त्या मालकाला त्याला नुसतं हाकलून देता येत नाही. एक तर सुधारणेची किंमत ठरवून द्यावी, नाहीतर आपला हक्क त्याला बाजारभावाने विकावा, आणि तो भाव सुधारणा धरून लावायचा नाही. याच कलमाच्या शेवटी पिकाचा उल्लेख आहे. निष्कासनाच्या वेळी शेतात त्या माणसाने पेरलेलं पीक उभं असेल तर ते त्याचंच, आणि ते काढून नेण्यासाठी शेतात ये-जा करायचा हक्कही त्याचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी मसुदाकारांनी दिवाणी कायद्यात उभ्या पिकासाठी वाट सोडली आहे, हे वाचताना माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर दाटून येतो.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ठाऊक नव्हतं हे खरं, पण ठाऊक व्हायला हवं होतं, त्याचं काय? डोळे मिटून चालणाऱ्याचं अज्ञान आणि डोळे उघडे ठेवूनही न दिसलेल्याचं अज्ञान एकाच तराजूत घालायचं का?

१८५० च्या दशकातला पॅरिसचा एक सराफ घ्या. चोरीला गेलेल्या इंग्लिश नोटांची यादी त्याच्याकडे वर्षभरापूर्वी आलेली होती. ती त्याने फायलीत लावून ठेवली होती. एक अनोळखी गिऱ्हाईक ५०० पौंडांची नोट घेऊन आलं. सराफाने पारपत्र पाहिलं, नाव लिहून घेतलं, वाजवी भावाने पैसे दिले. यादी काढून पाहायचं मात्र त्याला सुचलं नाही. नोट यादीतली होती. १८५५ साली लंडनच्या न्यायालयात प्रकरण आलं आणि ठरलं ते असं, की सराफ निष्काळजी असेल, पण अप्रामाणिक नव्हता. म्हणून तो सद्भावातच होता. इंग्रजी न्यायालयांनी याआधी १८२४ साली उलटी भूमिका घेतली होती, घेणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली का असं विचारलं होतं, आणि १८३६ पर्यंत ती सोडून दिली होती. मन शुद्ध असेल तर डोकं रिकामं असलं तरी चालेल, असं या नियमाचं वर्णन तिथले वकील करतात.

जर्मनीत १८७१-७२ साली यावरच दोन प्राध्यापकांची जुंपली. दोघांचीही नावं कार्ल गेओर्ग: एक वेख्टर, दुसरा ब्रुन्स. वेख्टरचं म्हणणं, सद्भाव ही मनातली एक घटना आहे. आहे किंवा नाही. ब्रुन्सचं म्हणणं, ती नैतिक गोष्ट आहे; आळसातून आलेल्या अज्ञानाला सद्भावाचा मान देता येणार नाही. पुढे १९०० साली लागू झालेल्या जर्मन संहितेने दोघांच्या मधली वाट काढली. जंगम वस्तू घेताना साधी चूक चालते, ढोबळ निष्काळजीपणा चालत नाही. जमीन-नोंदवहीवर विसंबून खरेदी करणाऱ्याला मात्र प्रत्यक्ष ठाऊक असेल तरच सद्भाव नाकारला जातो. वही सरकारने ठेवलेली आहे, मग तिच्यावर शंका घेण्याचं ओझं नागरिकावर का, असा तो विचार. सातबारा आणि फेरफार यांच्यावर आपल्याला असा विसावा घेता आला असता तर किती कज्जे टळले असते!

भारताने या वादात काय निवडलं? दोन्ही. १८९७ च्या सर्वसाधारण खंड कायद्यात व्याख्या आहे की कृत्य खरोखर प्रामाणिकपणे केलेलं असेल तर ते सद्भावाने केलेलं, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. १८६० च्या दंडसंहितेत मात्र लिहिलं होतं की योग्य ती काळजी आणि लक्ष नसेल तर सद्भावच नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती व्याख्या कायम आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानेही काळजीची बाजू घेतली. म्हणजे वेख्टर आणि ब्रुन्स दोघंही आपल्या कायद्याच्या कपाटात शेजारी शेजारी बसले आहेत. कोणत्या कायद्याखाली उभे आहात यावर तुमच्या धांदरटपणाचं काय होणार ते ठरतं. मला स्वतःला ब्रुन्सची बाजू जास्त न्याय्य वाटते, विशेषतः जमिनीच्या बाबतीत. घर घेताना न पाहणं हा दुसऱ्यावर केलेला अन्यायही असतो.

पण मनात काय होतं हे कळायचं कसं? न्यायाधीश काही मन वाचत नाही. फ्रेंच कायदा म्हणतो, सद्भाव गृहीत धरा. उलटं म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. पोर्तुगालच्या १९६६ च्या संहितेने हे बारकाईने वाटून दिलं आहे. कागद असलेला ताबा सद्भावाचा मानायचा, कागद नसलेला दुर्भावाचा, आणि बळजबरीने घेतलेला ताबा, कागद असला तरी, नेहमीच दुर्भावाचा. बाकी सगळं खुणांवरून ठरतं. आणि या खुणांची मी पाहिलेली सर्वांत नेमकी यादी युरोपातली नाही.

धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, अठरा पदं सांगितली आहेत. त्यांतलं एक अस्वामिविक्रय: मालक नसलेल्याने केलेली विक्री. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की मालकाला आपली वस्तू परत मिळावी, उघडपणे न घेणाऱ्या खरेदीदाराकडे दोष जावा, आणि ज्याने हीन माणसाकडून, एकांतात, कमी किमतीला किंवा अवेळी घेतली त्याला चोर समजावं. विक्रेता, जागा, किंमत, वेळ. चार खुणा. आजच्या न्यायालयात चोरीचे दागिने घेणाऱ्या सोनाराची उलटतपासणी ऐकली तर प्रश्न हेच असतात. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, आताच्या बसवकल्याणला, आणि महाराष्ट्राचा हिंदू कायदा पुढे शतकानुशतकं तिच्यावर चालला. मनूनेही लोकांसमोर, उघड बाजारात घेणाऱ्याला दंडातून मोकळं केलं आहे. फ्रेंच संहितेत अगदी याच धर्तीची तरतूद आहे: चोरीची वस्तू जत्रेत, बाजारात किंवा तशा मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली असेल, तर मालकाला ती तीन वर्षांत परत मागता येते, पण खरेदीदाराने मोजलेली किंमत भरून.

आणि जिथे विक्रेता सापडतच नाही, दोन्ही बाजू निर्दोष आहेत, तिथे? काही स्मृतिकारांनी सांगितलं की तोटा मालक आणि खरेदीदार यांनी निम्मा-निम्मा सोसावा. फिनी आणि मिलर यांच्यापैकी एकाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं न करता. १९६० साली इंग्लंडमध्ये लॉर्ड डेव्हलिन यांनी एका मोटारीच्या फसवणुकीच्या खटल्यात हाच विचार मांडला, की दोन निर्दोष माणसांत तोटा वाटून देण्याची सोय कायद्यात असायला हवी. पुढे १९६६ साली तिथल्या कायदा सुधारणा समितीने ती सूचना अव्यवहार्य ठरवली. मला ती व्यवहार्यच वाटते.

चार खुणांचं आजचं रूप मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर रोज छापून येतं. तमाम लोकांना कळवण्यात येतं की आमचे अशील अमुक गट नंबरची मिळकत खरेदी करत आहेत, कोणाचा वारसा, गहाण, दान, साठेखत वगैरे हक्क असेल तर चौदा दिवसांत लेखी पुराव्यानिशी कळवावं, नपेक्षा हक्क सोडून दिला असं समजण्यात येईल. आपण ही पानं उलटतो. ती जाहिरात म्हणजे एका माणसाने आपल्या मनाची स्थिती सगळ्या जगासमोर नोंदवून ठेवणं आहे: मी विचारलं होतं, मी लपवलं नाही, मला कोणी सांगितलं नाही. दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांचा शोध अहवाल, जागेवर प्रत्यक्ष कोण राहतं याची चौकशी, हे सगळं त्याच पुराव्याचे तुकडे. मालमत्ता हस्तांतरण कायदा तर म्हणतो की नोंदणी झालेला दस्त आणि जागेवर असलेला प्रत्यक्ष ताबा यांची माहिती तुम्हाला होती असंच समजलं जाईल. घरात कुळ राहत असताना ‘मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही. कारण न्यायालय विचारतं, दार का ठोठावलं नाही?

या तत्त्वाला देशांच्या सीमा ओलांडताना पाहिलं की आणखी थक्क व्हायला होतं. इंग्लंडमधल्या एका संग्राहकाच्या घरून जपानी कलावस्तू चोरीला गेल्या, इटलीत नेऊन विकल्या गेल्या, आणि तिथल्या खरेदीदाराने त्या विकण्यासाठी पुन्हा लंडनच्याच लिलावघराकडे पाठवल्या. संग्राहकाने त्या ओळखल्या. इंग्लिश कायद्याने चोरीची वस्तू मालकाचीच राहते. इटलीत मात्र सद्भावाने, योग्य व्यवहाराने वस्तू हातात आली की ती चोरीची असली तरी घेणाऱ्याची होते. खटला लंडनमध्ये, वस्तू लंडनमध्ये, मूळ मालक इंग्लिश. तरी न्यायाधीशांनी ठरवलं की विक्रीच्या वेळी वस्तू इटलीत होत्या, म्हणून मालकी बदलली का हे इटलीचा कायदा सांगेल. १९८० च्या निकालसंग्रहात तो निकाल आहे.

मात्र सद्भावाचं सगळ्यात माणुसकीचं काम मला वस्तूंच्या बाजारात दिसत नाही. ते लग्नात दिसतं.

मध्ययुगीन चर्चच्या कायद्यात एक पेच वारंवार येई. लग्न झालं, मुलं झाली, आणि मग कळलं की नवऱ्याची आधीची बायको जिवंत आहे, किंवा दोघं निषिद्ध नात्यातले आहेत. लग्न रद्दच. पण ज्या स्त्रीला काहीच ठाऊक नव्हतं तिचं काय, मुलांचं काय? उत्तर निघालं ते असं: लग्न रद्द, तरी सद्भावात असलेल्यासाठी त्याचे परिणाम खरे. १८०४ च्या फ्रेंच संहितेने ते उचललं. दोघं सद्भावात असतील तर दोघांना लग्नाचे लाभ, एकच असेल तर त्या एकालाच. म्हणजे एकच लग्न एका बाजूने झालेलं आणि दुसऱ्या बाजूने न झालेलं. हे कायदेतंत्राचं केवढं धाडस आहे! हीच तरतूद पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेत आली आणि ती संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. गोव्याच्या समान नागरी कायद्याविषयी आपण इतकं ऐकतो, त्याचा हा उगम. त्याच संहितेत सद्भावाच्या ताब्याची व्याख्याही आहे: ज्या हक्कातले दोष ताबेदाराला माहीत नाहीत, त्या हक्कातून आलेला ताबा.

उरलेल्या भारतात ही वाट फार उशिरा उघडली. हिंदू विवाह कायद्याने रद्द लग्नातल्या मुलांना औरस ठरवलं, पण फसवल्या गेलेल्या बायकोचं काय? १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याचं आधीचं लग्न तिला ठाऊक नव्हतं, याचा पोटगीसाठी उपयोग नाही. ती कायद्याने बायकोच नाही. २०१३ साली पुन्हा महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आलं. घटस्फोटित स्त्री, २००५ साली देवळात लागलेलं लग्न, आणि काही महिन्यांत दारात उभी राहिलेली पहिली बायको. न्या. रंजना देसाई आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या पीठाने या वेळी पोटगी कायम केली. नवऱ्याने पहिलं लग्न लपवलं, तिला ते माहीत नव्हतं, तेव्हा निदान पोटगीपुरती ती त्याची बायकोच. स्वतःच्या लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही. पंचवीस वर्षांत बदललं ते एवढंच की तिच्या अज्ञानाला न्यायालयाने किंमत दिली.

आणि म्हणूनच आपल्या कायद्यातली एक जागा मला खुपते. प्रतिकूल ताबा. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर बारा वर्षं आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षं उघड, अखंड, मालकाला न जुमानता ताबा ठेवला की मूळ मालकाचा हक्क संपतो. इथे सद्भाव विचारलाच जात नाही. उलट, मालकाचा हक्क नाकारण्याचा इरादा सिद्ध करावा लागतो. खरा मालक कोण हेच ज्याला माहीत नाही, त्याचा ताबा प्रतिकूल कसा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली विचारलं. परिणाम असा की ‘मी तर ती माझीच समजून कसत होतो’ म्हणणाऱ्याचा दावा ढासळतो आणि जाणूनबुजून घुसलेल्याचा टिकतो. फ्रान्समध्ये कागदानिशी सद्भावाने घेणाऱ्याला दहा वर्षं पुरतात आणि घुसखोराला तीस वर्षं थांबावं लागतं. आपण ही उतरंड उलटी मांडली आहे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अतार्किक आणि अन्याय्य असल्याचं सांगून सरकारला फेरविचार करायला सुचवलं. मे २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नसल्याचं म्हटलं. आयोगाच्या दोन पदसिद्ध सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली. मला त्या असहमतीच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. संसदेने मुदत कायद्यात सद्भावाची एक पायरी घालावी: प्रामाणिक खरेदीदाराला छोटी मुदत, आणि जाणून घुसणाऱ्याला निदान तिच्या तिप्पट. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला लिहायला एक पोस्टकार्ड पुरेल.